गाडी गेली, पुढे

आमच्या रावेतच्या घराला बाल्कनी आहे आणि बाल्कनीला काचेचं सरकतं दार आहे. माझ्याविषयी काही बोलायचं असलं की सूनबाई फोन घेऊन बाल्कनीत जाते, दार घट्ट ओढून घेते आणि माझ्याकडे बघून गोड हसते. मीही हसते. माझ्या हातात जपाची माळ असते, समोर टीव्ही चालू असतो आणि काचेपलीकडे तिचे ओठ चालू असतात. गेल्या रविवारी तिनं आपल्या आईला सांगितलं, "म्हातारीचे गुडघे गेलेत, पण जीभ अजून तिशीतली आहे." ती आत आल्यावर मी म्हटलं, "सूनबाई, गुडघ्यांना जरा तेल चोळून देतेस का? जिभेला नको, ती ठीक आहे." बिचारी त्या दिवसापासून मी जपाला बसले की टीव्हीचा आवाज आपणहून कमी करते.

नातवाला वाटतं, आजीला सिद्धी आहे. मीही नाही म्हणत नाही. या वयात तेवढाच धाक उरतो. खरी गोष्ट अशी, की ही विद्या मला मथुराबाईंनी दिली. बाई मला इतरही बऱ्याच विद्या देत होत्या. त्या मी घेतल्या नाहीत.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीकडे कारखान्यांचे पाये खणायला नुकती सुरुवात झालेली, आणि चिंचवड स्टेशन म्हणजे माळावर टाकलेली एक दगडी पेटी. कौलारू छप्पर, दोन बाकं, बाभळी, आणि बाहेर पेंगणारे टांगे. गाव तिकडे लांब नदीकाठी. इंग्रजानं स्टेशन गावापासून एवढं दूर का बांधलं, यावर गावात दोन मतं होती. म्हातारे म्हणत, त्याला आमच्या गणपतीचं भय वाटलं. टांगेवाले म्हणत, त्याला गणपतीनंच सुबुद्धी दिली.

माझे वडील त्या स्टेशनात तिकीटबाबू होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला रेल्वेची मालकीण समजत असे. गाडी सुटायच्या वेळी मी क्वार्टरच्या दारात उभी राहून गंभीरपणे मान हलवायची. माझी मान हलल्याशिवाय गाडी हलत नाही, अशी माझी खात्री होती. तापानं अंथरुणात पडले असताना सगळ्या गाड्या माझ्यावाचून सुटल्या, तेव्हा मला तापापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शाळा स्टेशनला लागूनच होती. लागून म्हणजे काय, तर रेल्वेचं एक जुनं पत्र्याचं गोदाम होतं, ते शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाला तात्पुरतं दिलेलं. सरकारी 'तात्पुरतं' म्हणजे किती, ते आपण जाणतो. एका टोकाला पहिली-दुसरीची मुलं आणि त्यांना सांभाळणारे एक गुरुजी. मुलं जागी आणि गुरुजी झोपलेले, म्हणून कुणी कुणाला सांभाळायचं हा प्रश्न होता. दुसऱ्या टोकाला तिसरी ते सहावी आणि मथुराबाई. सहावीनंतर शाळा संपत होती. घंटा म्हणून कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. आणि खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागतील असं वाटावं इतक्या जवळ, खरे रूळ.

मथुराबाईंचं गाव कोणतं, वय किती, नवरा होता की नव्हता, यातलं मला काहीही माहीत नाही. गावाला सगळं माहीत होतं आणि प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. दिसायला बाई म्हणजे उंच, मोठ्या हाडाच्या, गडद हिरवं नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, आणि काखेत काळी छत्री. ती छत्री उघडलेली कुणी पाहिली नाही. पाऊस आला की बाई भिजायच्या आणि छत्री पदराखाली कोरडी ठेवायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "माझं वाळतं. हिच्या काड्या गंजतात."

आता गाड्यांचं सांगते, कारण तेच मुख्य आहे. गाडी आली की गोदामाचा पत्रा थरथरायचा, भिंतीचा चुना पाटीवर पडायचा आणि शेजारी बसलेलं माणूस काय बोलतंय ते ऐकू यायचं नाही. दुसरे कुणी मास्तर असते तर गाडीपेक्षा मोठ्यानं ओरडले असते. बाई ओरडत नसत. त्या म्हणत, "गाडीशी भांडायचं नाही. ती रोज जिंकते." गाडीचा आवाज लांबून आला की बाईंचा उजवा हात खांद्यातून सरळ आडवा व्हायचा, सिग्नलच्या पाटीसारखा. हात आडवा म्हणजे शाळा थांबली. ज्यानं तोंड उघडलं असेल त्यानं मिटायचं. ज्याचा कान बाईंच्या चिमटीत असेल त्यानं तिथंच राहू द्यायचा. बाई स्वतः वाक्याच्या मध्यावर थांबायच्या. गाडी निघून गेली की हात खाली पडायचा, बाई म्हणायच्या, "गाडी गेली. पुढे," आणि ज्या शब्दावर थांबल्या होत्या त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करायच्या. कान पिळायचं कामसुद्धा तिथूनच पुढे.

हे त्यांचं 'गाडी गेली, पुढे' नुसतं गाडीपुरतं नव्हतं. पाटी फुटली, गाडी गेली, पुढे. वादळात पत्रा उडाला, गाडी गेली, पुढे. माझी आजी वारली तेव्हा बाई आमच्या क्वार्टरवर आल्या आणि आईशेजारी नुसत्या बसून राहिल्या. बायका भोवती बरंच बोलत होत्या. बाईंनी हात आडवा केला. बायका गप्प झाल्या. आई पोटभर रडली. मग बाई उठल्या आणि त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी तोंडानं काहीच म्हणाल्या नाहीत.

पॅसेंजर आणि मेल पटकन जायच्या. खरा प्रश्न मालगाडीचा होता. ती घाटाकडे निघालेली, जड, रेंगाळणारी, संपता संपायची नाही. एवढा वेळ फुकट घालवणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांची आई म्हणे मुंबईला गिरणीत होती. "तिथं यंत्रांपुढे ओरडून उपयोग नसतो," बाई सांगायच्या, "समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. आई घरी आली तरी आम्ही तिच्याशी आवाज न करता बोलायचो, तेवढीच तिच्या कानांना सुट्टी." म्हणून मालगाडी आली की आमच्याकडे ओठांची शाळा भरायची. बाई समोर उभ्या राहून आवाज न करता शुद्धलेखन सांगायच्या आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून लिहायचो. सवयच लागली. गाडीचा खडखडाट सुरू झाला की अख्ख्या शाळेचे डोळे आपोआप समोरच्या मोठ्या माणसाच्या तोंडावर जायचे.

मला वाटलं, हा तर आपल्या सोयीचा कायदा आहे. मला तेराचा पाढा येत नव्हता. चौदाचा, सतराचा येत होता अशातला भाग नाही, पण तेराशी माझं विशेष वैर होतं. वडिलांच्या कृपेनं मालगाडी केव्हा येणार ते मला आधी कळायचं. मग मी नेमका हात वर करून म्हणायची, "बाई, मी पाढा म्हणते." बाई म्हणायच्या, "म्हण, सुमे." मी 'तेरा एके तेरा' ठणठणीत म्हणायची, 'तेरा दुणे सव्वीस' रेटून न्यायची, तोवर गाडी यायची, आणि पुढचं सगळं मी नुसते ओठ हलवून, मान डोलावून, मोठ्या भक्तिभावानं पार पाडायची. गाडी गेली की 'तेरा दाहे तीसासे', म्हणजे एकशे तीस, पुन्हा ठणठणीत. जगात आपल्याइतकं हुशार कुणी नाही, असं वाटायचं.

बाईंनी मला असे बरेच पाढे म्हणू दिले. मग एक दिवस मालगाडी गेली, मी शेवटचा आकडा फेकून खाली बसले, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "सुमे, तेरा सत्ते सत्त्याऐंशी नव्हेत. एक्क्याण्णव. आणि तेरा अठ्ठेला तू 'गणपती बाप्पा मोरया' म्हणालीस."

शाळा किती हसली ते सांगत नाही. माझ्या शेजारी यमुना बसायची, स्टेशनपलीकडच्या वाडीतल्या महादूअण्णांची पोरगी. ती हसली नाही. तिनं फक्त हळूच सांगितलं, "मागल्या टायमाला तू 'भात करपला' म्हनली व्हतीस. मला वाटलं, तुला भूक लागली."

ज्या मालगाड्यांनी मला दगा दिला, त्यांच्याच डब्यांवर बाईंनी आम्हाला भूगोल शिकवला. नकाशा शाळेत एकच, तोही उंदरांनी दक्षिणेकडून खाल्लेला. म्हणून मालगाडी यार्डात उभी असली की बाई वर्ग घेऊन प्लॅटफॉर्मवर यायच्या. डब्यांवर खडूनं गावांची नावं असायची. भुसावळ, मनमाड, रायचूर, वाडी जंक्शन. "हा डबा रायचूरला निघालाय. वाटेत याला कोणत्या नद्या लागतील?" माझे वडील नियमाचे माणूस. खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, "बाई, प्लॅटफॉर्म तिकीट." बाई मागे न बघता म्हणायच्या, "आम्ही प्लॅटफॉर्मवर नाही, तिकीटबाबू. आम्ही रायचूरच्या वाटेवर आहोत." वडील डोकं आत घ्यायचे. घरी आईला म्हणायचे, "ही बाई एक दिवस माझी नोकरी घालवणार." आई म्हणायची, "पोरीला भीमा नदी तरी कळली. तुम्ही इतकी तिकिटं विकलीत, तुम्हाला कुठं माहीत आहे कुठली गाडी कुठल्या नदीवरून जाते ते."

पार्सलच्या वजनकाट्यावर त्यांनी वजाबाकीही शिकवली. आधी मला आणि यमुनेला एकत्र काट्यावर उभं केलं, मग यमुनेला उतरवलं. "आता सुमीचं वजन कळलं. यमुनेचं किती ते काढा." गणित सगळ्यांना आलं. पण काट्यावर उरलेली मी होते, आणि काटा फारसा खाली आलेला नव्हता. मी त्या दिवशी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं थालीपीठ लावलं आणि मी तत्त्व सोडलं.

यमुना काटक होती. काळी, लांब हातापायांची, कमी बोलणारी. माझ्या लेखी ती माझी 'गरीब मैत्रीण' होती, म्हणजे जिला मी माझी रिबीन दाखवायची आणि जिच्याकडून गणित उतरवून घ्यायची. तिचं सहावीचं वर्ष संपत आलं होतं. सातवी गावातल्या शाळेत होती, पण महादूअण्णांनी बाईंना सरळ सांगितलं, मी तिथंच उभी होते.

"बाई, गावातली शाळा लांब."

"चालत जाईल. पायांना काय झालंय तिच्या?"

"पायांला काय न्हाई झालं. पर मधी मानसं हायती ना. वयात आलेली पोर, रोज एकली माळावरनं जानार. सातवी हितं निगाली तर शिकंल. न्हाई तर वैशाखात अक्षता. पाव्हनं बघून गेल्यात, त्यास्नी पसंत हाय."

"आणि तिला?"

"तिला कोन इचारतंय?"

"मी विचारतेय," बाई म्हणाल्या. महादूअण्णा हसले. वाईट माणूस नव्हता. शाळेचा पत्रा उडाला तेव्हा तोच वर चढून बसवून गेला होता. पण पोरीला विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं तर तो हसत होता.

बाईंनी सातवीसाठी अर्ज टाकला. अर्ज टाकल्यावर शाळा बघायला बोर्डाचे साहेब यायचे असतात. ते आले, तेही पुण्याच्या गाडीनं, एका कारकुनाला घेऊन. आम्ही गोदाम शेणानं सारवलं. आंब्याची डहाळी बांधली. स्वागतगीत कुणी म्हणायचं, यावर चर्चा झालीच नाही, कारण मी आधीच म्हणायला लागले होते. वडिलांनी पुण्याहून नवी रिबीन आणली. मी आठवडाभर क्वार्टरच्या दारात उभी राहून जाणाऱ्या गाड्यांचं स्वागत केलं. प्रवाशांपैकी एकानं केळ्याचं साल फेकलं, ते मी दाद समजून घेतलं.

साहेब गोरे, गुबगुबीत, घामेजलेले. खुर्ची दिली ती त्यांना जरा आवळच झाली. दाराशी काही पालक उभे होते, त्यांत महादूअण्णा. मी पुढे आले, पहिली ओळ म्हटली, आणि दुसरी ओळ गेली. कुठे गेली, अजून सापडलेली नाही. पण रेल्वे माझ्या घरचीच होती. तेवढ्यात मुंबईकडची मेल आली, बाईंचा हात आडवा झाला, आणि मी जुन्या सवयीनं नुसते ओठ हलवत, हातवारे करत, सगळं गाणं संपवून टाकलं. गाडी गेल्यावर साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "वा. आवाज गोड आहे."

मग त्यांनी प्रश्न विचारले. व्याजाचं गणित यमुनेनं तोंडी सोडवलं. नद्या तिसरीतल्या मुलांनीही सांगितल्या, डब्यांच्या क्रमानं. साहेबांनी मान डोलावली. महादूअण्णा दारात जरा पुढे सरकले. आणि मालगाडी आली.

बाईंचा हात आडवा झाला. शाळा चिडीचूप. साहेबांना वाटलं, आता कुणालाच काही ऐकू येत नाही. ते खरंच होतं. म्हणून त्यांनी कारकुनाकडे मान वळवली आणि निवांत बोलायला सुरुवात केली. आणि आम्ही सगळे सवयीप्रमाणे समोरच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो.

साहेबांचे ओठ जाड होते. शब्द अगदी स्वच्छ वाचता यायचे. ते म्हणाले, "सातवी द्यायची नाही. पोरींची लग्नं होतात, सगळा खर्च वाया. जागा रुळाजवळ, धोक्याची, असं लिहा. गोदाम रेल्वेला परत, मुलं गावच्या शाळेत." कारकून काहीतरी म्हणाला. साहेब म्हणाले, "बाईला आत्ता नका सांगू. रडत बसेल. चहा घेऊ आणि निघू. भजी तळल्याचा वास येतोय."

गाडी संपता संपेना. बाई आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या, साहेब त्यांच्या मागे. त्यांना काही दिसलं नव्हतं. पण त्यांना आमची तोंडं दिसत होती, आणि आमची तोंडं त्यांनीच घडवलेली. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हातही नाही.

शेवटचा डबा गेला. साहेबांनी प्रसन्न चेहरा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "उत्तम, मथुराबाई. अगदी उत्तम. सातवीचा विचार आम्ही सहानुभूतीनं करू."

कुणी बोललं नाही, कारण बाईंचा हात अजून आडवाच होता. असं कधी झालं नव्हतं. गाडी गेली होती आणि सिग्नल पडला नव्हता. मी पहिल्या रांगेत, साहेबांच्या अगदी समोर, मला सगळं कळलेलं, आणि मी काय केलं? मी रिबीन सोडून पुन्हा बांधली. रेल्वेच्या मालकिणीला त्या वेळी तेवढंच सुचलं.

यमुनेनं हात वर केला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दाराशी तिचा बाप उभा होता, त्याच्याकडेही पाहिलं. मग बाईंचा हात खाली पडला.

"साहेब," यमुना उभी राहून म्हणाली, "गाडी असताना बोललात ते खरं धरायचं, का गाडी गेल्यावर बोललात ते?"

साहेब हसले. "म्हणजे काय, बाळ?"

"तुमी म्हनला, सातवी द्यायची न्हाई. जागा धोक्याची म्हनून लिवा. पोरींची लग्नं व्हत्यात, खर्च वाया."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"तुमीच. आत्ता. बाई रडत बसंल, असं पन म्हनला."

पहिलीच्या टोकाकडून कुणीतरी चिमुकल्या आवाजात भर घातली, "आनि भजी." त्या टोकाचे गुरुजीसुद्धा जागे झाले.

साहेबांचा रंग खालून वर चढत गेला. कारकून छताकडे बघू लागला. बाई त्यांच्याकडे वळल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "माफ करा हं, साहेब. इथं मालगाडीत मुलं ओठ वाचतात. वेळ वाया जाऊ नये म्हणून मीच शिकवलंय. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. राहूनच गेलं." मग घसा साफ केला. "गाडी गेली. पुढे. चहा आणते."

चहा झाला. साहेबांनी भजी घेतली नाहीत. नंतर एक पॅसेंजर आली, तेव्हा साहेब कारकुनाशी बोलले खरे, पण चहाचा कप तोंडासमोर धरून. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "माणूस हुशार आहे. एकदाच शिकवावं लागलं."

महादूअण्णा मात्र डोक्याला हात लावून कडुनिंबाखाली बसले होते. "बाई, माजी पोरगी सायबाला बोलली. भर सभेत. आता हिला कोन करून घेईल?"

"कुणी नाही घेतलं तर?"

"तर काय?"

"तर शिकेल," बाई म्हणाल्या.

झालंही तसंच. ती गोष्ट गाडीत बसली आणि लोणावळ्यापर्यंत गेली, पुण्यापर्यंत गेली. यमुनेच्या ठरू पाहणाऱ्या सासरीही पोचली. पाहुण्यांनी निरोप धाडला, न बोललेलं ऐकणारी सून आमच्या घराला परवडणार नाही. आता मी सासूपण भोगून बसले आहे, तेव्हा त्या न झालेल्या सासूचं मला पटतं. आणि महिना-दोन महिन्यांत सातवीची मंजुरी आली. साहेबांना लाज वाटली म्हणून आली, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. वडिलांना साहेबांच्या कचेरीतल्या एकानं खरं कारण सांगितलं. तिथले सगळे कारकून साहेबांसमोर कप तोंडापुढे धरून बोलायला लागले होते. साहेबांना हा विषय एकदाचा मिटवायचा होता.

त्यांनी तो नीट मिटवला. मंजुरीसोबत बाईंची बदलीही आली. सातवीच्या शाळेला ट्रेनिंग झालेला मुख्याध्यापक लागतो, असा नियम. बाई स्वतः सातवी पास, ट्रेनिंग नाही. त्यांना पार मावळात, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर नेमलं होतं. तिथं शाळा होती. रूळ नव्हते.

मी रागानं लाल. घरी वडिलांसमोर भाषण केलं, की साहेबानं सूड घेतला, बाईंना फसवलं. वडील तिकिटांच्या गड्ड्या लावत होते. म्हणाले, "कुणी फसवलं नाही, सुमे. हा नियम मला बाईंनीच सांगितला होता. अर्ज टाकायच्या आधी. मी म्हटलं, बाई, मग तुम्ही स्वतःच्याच हातानं बदली ओढवून घेताय. तर म्हणाल्या, तिकीटबाबू, गाडी सोडणारा गाडीत बसतो का?"

मी धावत शाळेत गेले. बाई रुळाच्या तुकड्यावरची धूळ फडक्यानं पुसत होत्या. मी विचारलं, "बाई, माहीत होतं तर मागितली कशाला सातवी?"

"तुझे पाढे राहिलेत म्हणून," त्या म्हणाल्या. मग फडकं झटकून म्हणाल्या, "यमुना अजून अपूर्णांकात घाई करते. नव्या मास्तरांना सांग. तू सांग, ती स्वतः सांगणार नाही."

यमुनेचं पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मध्ये घोळ नको. ती सातवीच्या फायनल परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली, ट्रेनिंग केलं, आणि भोसरीच्या अंगाला एका शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. लग्नही केलं, आपल्या सवडीनं, एका अबोल माणसाशी. आवाजानं तो कधी फारसं बोलला नाही. यमुनेला गरज नव्हती. मी दुसऱ्या झटक्यात पास झाले आणि सासरी जाऊन माझं सगळं शिक्षण जावांचे ओठ वाचण्यात खर्च केलं.

बाई गेल्या त्या सकाळी शाळा प्लॅटफॉर्मवर आली. एक ट्रंक, एक वळकटी, काखेत छत्री. वडिलांनी खिडकीतून डोकं काढलं, सवयीनं म्हणाले, "बाई, प्लॅटफॉर्म तिकीट," आणि मग काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

बाई या खेपेला वळल्या. म्हणाल्या, "आज मात्र आम्ही प्लॅटफॉर्मवरच आहोत, तिकीटबाबू."

वडिलांनी खिडकी लावून घेतली. गाडीची वेळ झाली तरी ती उघडली नाही. रेल्वेत त्यांनी एवढी एकच तक्रार ओढवून घेतली.

लोणावळ्याची गाडी आली. महादूअण्णांनी ट्रंक चढवली. बाई खिडकीशी बसल्या. यमुना नि मी खिडकीखाली. मी निरोपाचं भाषण पाठ केलं होतं. त्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ स्वागतगीताच्या दुसऱ्या ओळीला भेटायला गेली. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. गाडी हलली. बाईंचा हात खिडकीबाहेर आडवा आला, आणि सगळा प्लॅटफॉर्म गप्प झाला.

त्या खडखडाटात बाईंचे ओठ हलले. यमुनेकडे बघून त्या काय म्हणाल्या, ते मी वाचलं नाही. मी खांबाकडे बघत होते. डोळ्यात कोळसा गेला म्हणायचीही सोय नव्हती, आमच्या लाइनीवर गाड्या विजेच्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते मात्र मला वाचावंच लागलं. माणसं निरोपाच्या वेळी काय काय बोलतात. माझ्या वाट्याला आलं, "तेरा सत्ते?"

मी आवाज न करता म्हटलं, "एक्क्याण्णव."

गाडी वेग घेत होती. खिडकी लांब गेली, चेहरा दिसेनासा झाला, पण हात दिसत होता, सरळ, आडवा. मग बऱ्याच पुढे, बाभळींच्या वळणाशी, तो खाली पडला.

रूळ थरथरायचे थांबले. यमुनेनं नाक पदरानं, म्हणजे परकराच्या ओच्यानं, पुसलं आणि माझ्या पाठीत चापट मारली.

"चल की," ती म्हणाली. "गाडी गेली."